खेळाडूचा कोच एका उन्हाळ्यात होतो का? झेल्को ओब्रादोविचबद्दल विचारायचं आहे

कोयना_१४ (सातारा)

नमस्कार. इथे बास्केटबॉलवर फारसं कोणी लिहीत नाही, कबड्डी आणि क्रिकेटचेच धागे वर असतात. तरी विचारते, कारण जवळपास विचारावं असं कोणी उरलेलं नाही.

मी एकतिशीची आहे. शाळेपासून साताऱ्यातच खेळते, जिल्ह्याच्या महिला संघात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी. नोकरी पतसंस्थेत, त्यामुळे सराव सकाळीच उरकायचा. आमच्या मैदानावरचे सर मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि सतरा वर्षांखालच्या मुलींना आता कोच नाही. मंडळातल्या मोठ्यांनी मला विचारलंय. अट अशी की यंदा मी स्वतः खेळायचं नाही. मुलींच्या आणि आमच्या स्पर्धा साधारण एकाच सुमारास येतात, दोन्हीकडे अर्धवट लक्ष नको, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतंय, आणि त्याचाच त्रास होतोय.

मुली फार गुणी आहेत. आमचं कोर्ट सिमेंटचं, उघडं. पावसाळा संपला की रिंगखाली हिरवं शेवाळ धरतं. या पोरी कोणी न सांगता खराटे आणि पत्र्याचे तुकडे घेऊन येतात, खरवडून काढतात आणि मगच बॉलला हात लावतात. कोंडव्याहून एक आठवीतली मुलगी सायकलवर येते. तिचा डावा हात असा आहे की मला हेवा वाटतो. दोघीजणी माझ्याबरोबर मोठ्या संघातही खेळल्यात. त्या मला ताई म्हणतात, पण माझी चेष्टाही करतात. उद्या मी त्यांना बेंचवर बसवलं तर?

हे सगळं चालू असताना डोक्यात सारखा सर्बियाचा बास्केटबॉल कोच झेल्को ओब्रादोविच येतो. १९९१ च्या उन्हाळ्यात तो युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाच्या शिबिरात होता, खेळाडू म्हणून. वय ३१. तिथून बॅग उचलून निघाला आणि बेलग्रेडच्या पार्टिझानचा कोच झाला. पुढच्याच एप्रिलमध्ये युरोपचा चषक जिंकला. मला हे फार मोठं वाटतं आणि थोडी भीतीही वाटते, कारण असं वाचलं की आपणही उडी मारावी असं वाटायला लागतं. ज्यांनी त्याची कारकीर्द नीट पाहिली आहे त्यांनी सांगा: हे नेमकं कसं जमलं? त्याच्याकडे तेव्हा काय होतं?

विश्रामबागचा_जुना_सेंटर (सांगली)

कोयना, तुला अगं-तुगं करतो, माझी साठी उलटली आहे. सांगलीत उंच म्हणून लहानपणी मला सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या जागी, उभं केलं आणि आयुष्यभर तिथेच राहिलो. पुढे बरीच वर्षं पोरांना शिकवलं, अजूनही संध्याकाळी शिकवतो. ओब्रादोविच हा माझ्या अतिशय जिव्हाळ्याचा माणूस आहे, त्यामुळे लांबेल. निवांत वाच.

आधी त्याचं खेळणं बघ. चाचाक हे सर्बियातलं नदीकाठचं गाव, तुमच्या साताऱ्याहून लहान. तिथल्या बोरात्स क्लबात तो वाढला, १९८४ मध्ये पार्टिझानला आला. जागा तुझीच, पॉइंट गार्ड. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचं रौप्य आणि १९९० च्या अर्जेंटिनातल्या विश्वचषकाचं सुवर्ण या दोन्ही संघांत तो होता. पण त्या संघात द्राझेन पेट्रोविच होता, टोनी कुकोच होता. त्यांच्यापुढे आपल्या झेल्कोला मिनिटं मिळायची ती उरलीसुरली. मला त्याच्या कारकिर्दीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याला प्रत्येक सामन्यात चाळीस मिनिटं मिळतात तो स्वतःचा खेळ बघतो. ज्याला चार मिनिटं मिळतात तो बाकावरून दहाही जणांचा खेळ बघतो. कोच दुसराच जास्त वेळा होतो.

आता १९९१. पार्टिझानचा कारभार तेव्हा द्रागान किचानोविचकडे. तोही चाचाकचा, तोही बोरात्समधून पार्टिझानला आलेला, आणि युरोपातल्या सर्वकालीन मोठ्या खेळाडूंपैकी एक. म्हणजे झेल्कोला ज्याने निवडलं तो त्याच्याच मातीतला, त्याला जवळून ओळखणारा होता. तुझ्या मंडळातल्या मोठ्यांनी तुला लहानपणापासून पाहिलंय ना? मग त्यांच्या विचारण्याला वजन आहे.

यानंतरचं बारकाईने वाच, कारण लोक नेमकं हेच सांगायचं सोडून देतात. त्या पहिल्या मोसमात झेल्को एकटा नव्हता. त्याच्या शेजारी सल्लागार म्हणून प्राध्यापक अलेक्सांडर निकोलिच होते. युगोस्लाव्ह बास्केटबॉलचा पाया ज्यांनी घातला त्यांतले हे एक. इटलीच्या वारेझे संघाला त्यांनी १९७०, १९७२ आणि १९७३ असे तीन युरोपीय चषक जिंकून दिले होते. एकतीस वर्षांचा नवखा कोच आणि बाजूला असा माणूस. आपल्याकडे तालमीत नवा पोरगा जोर शिकवायला लागला तरी जुने वस्ताद कट्ट्यावर बसून असतात, तसंच. शिकवतो पोरगा, पण कुठे चुकतंय ते सांगायला कोणीतरी असतं. निकोलिचांशिवाय तो कोच झालाच नसता असं मी म्हणणार नाही. पण पहिल्याच वर्षी युरोप जिंकला असता, यावर मी पैज लावणार नाही.

आणि तो मोसम सरळ नव्हताच. देश फुटत होता, युद्ध सुरू झालं होतं. पार्टिझानला गटातले घरचे सामने घरी खेळता आले नाहीत, ते स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा गावात खेळावे लागले. तिथल्या लोकांनी परक्या पोरांना आपलं मानलं. संघ कोवळा: अलेक्सांडर जोर्जेविच २४ वर्षांचा, प्रेद्राग डानिलोविच २२ चा. दोघेही झेल्कोबरोबर पार्टिझानमध्ये खेळलेले. १९८९ चा कोराच चषक (युरोपातली क्लबांची आणखी एक स्पर्धा) तर जोर्जेविच आणि झेल्कोने एकत्र जिंकला होता, दोघेही गार्ड. म्हणजे तुझ्या त्या दोघी मैत्रिणींचा जो पेच तुला पडलाय, तो त्याला याहून अवघड रूपात पडला होता.

शेवट सांगतोच. १६ एप्रिल १९९२, इस्तंबूल, समोर स्पेनचा जोवेन्तुत बादालोना. दहाएक सेकंद उरलेले असताना जोफ्रेसाने बास्केट करून जोवेन्तुतला ७०-६८ असं पुढे नेलं. टाइमआउट झाला नाही. जोर्जेविचने बॉल घेतला, सगळं कोर्ट पळत पार केलं आणि तोल जात असतानाच लांबून तीन गुणांचा शॉट मारला. ७१-७०. ती शेवटची मिनिटं मी कितीदा पाहिली असतील. दर वेळी मला एकच गोष्ट दिसते: जोर्जेविच बेंचकडे बघत नाही. काय करायचं हे त्याला माहीत आहे आणि करायची मुभा आहे हेही माहीत आहे. कालपर्यंत बरोबरीने खेळलेल्या माणसावर कोचने टाकलेला हा विश्वास आहे. तुझ्या दोघींना बेंचवर बसवायची वेळ येईल तेव्हा येईल, आधी त्यांच्या हातात शेवटचा बॉल देता येतो का बघ.

पुढचं थोडक्यात. मे १९९२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले, त्यामुळे पार्टिझानला आपलं विजेतेपद राखायला मैदानात उतरताच आलं नाही. जोर्जेविच मिलानला गेला, डानिलोविच बोलोन्याला. आणि १९९३ मध्ये झेल्कोला बोलावलं कोणी? जोवेन्तुतनेच! ज्यांच्या तोंडचा घास गेला होता, त्यांनीच त्याला नेमलं, आणि १९९४ मध्ये तेल अवीवला ऑलिंपियाकोसला ५९-५७ हरवून तो चषक बादालोनात नेला. १९९५ मध्ये तोच चषक रेआल माद्रिदबरोबर, संघात लिथुआनियाचा सेंटर साबोनिस. मग इटलीत ट्रेव्हिजो, मग अथेन्सचा पानाथिनायकोस. तिथे तेरा वर्षं आणि पाच युरोलीग (त्याच युरोपीय चषकाचं आताचं नाव): २०००, २००२, २००७, २००९, २०११. शेवटी तुर्कस्तानचा फेनरबाचे, २०१७. एकूण नऊ. दुसऱ्या कुठल्याही कोचच्या नावावर इतकी नाहीत. फेनरबाचेची फायनलही इस्तंबूललाच झाली, पहिल्या चषकानंतर बरोबर पंचवीस वर्षांनी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. टाइमआउटमध्ये लालबुंद होऊन ओरडणाऱ्या ओब्रादोविचच्या क्लिपा सगळीकडे फिरतात. आमच्याकडचे काही तरुण कोच त्या बघून नुसतं ओरडायला शिकले आहेत. बारा-तेरा वर्षांच्या पोरींवर ओरडतात. हे बघून जीव तुटतो. त्याचं ओरडणं ऐकणारे लोक लाखोंचे करार असलेले प्रौढ खेळाडू होते, आणि ओरडण्याआधी त्यांच्यासाठी केलेली तयारी कुठल्याही क्लिपमध्ये येत नाही. तू ते उचलू नकोस.

रिबाउंड_रेश्मा (कराड)

ताई, मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण माझी कोच आधी माझी कॅप्टन होती.

पहिला महिना वाईट गेला. ती अजून खेळाडूसारखीच वागत होती. आमच्याकडून पास चुकला की स्वतः कोर्टात घुसून करून दाखवायची. तिला ते सहज जमायचं, त्यामुळे का जमतं हे तिला सांगताच यायचं नाही. आम्ही बघत उभ्या राहायचो. मग तिने हळूहळू ते सोडलं. बाहेर उभी राहून बोलायला लागली, पायाची बोटं कुठे वळली पाहिजेत, नजर कुठे पाहिजे. तेव्हा कुठे आम्ही शिकलो. त्यामुळे खेळायचं बंद करायची अट मला बरोबर वाटते. वाईट वाटेल, पण त्याने तू लवकर कोच होशील.

बाकी सरांनी लिहिलेल्या विश्वासाच्या गोष्टीला माझा पूर्ण पाठिंबा. मला एका सामन्यात दोन्ही फ्री थ्रो चुकल्यावर कोचने बाहेर काढलं नाही. त्यानंतरचे तीन रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे बॉल, मी जिवाच्या आकांताने घेतले.

बेसलाइन_पंकज (सांगली)

सरांनी ओब्रादोविचवर छान लिहिलंय. दोन गोष्टी जोडतो.

एक, त्याची कारकीर्द फक्त चषकांची नाही. राष्ट्रीय संघाबरोबर १९९६ चं ऑलिंपिक रौप्य, १९९७ ची युरोपीय आणि १९९८ ची जागतिक स्पर्धा जिंकल्यावर तो २००४ मध्ये पुन्हा तिथे आला. २००५ ची युरोपीय स्पर्धा त्यांच्याच देशात होती आणि फ्रान्सने त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर पत्रकारांसमोर त्याने संघातल्या भांडणांबद्दल उघडपणे बोलून पद सोडलं. तेव्हा त्याच्याकडे सहा मोठे युरोपीय चषक... दुरुस्त करून लिहितो, पाच: पार्टिझान, जोवेन्तुत, रेआल आणि अथेन्सचे पहिले दोन. इतकं असूनही खेळाडू एकमेकांसाठी खेळेनात तेव्हा त्याचंही काही चाललं नाही. कोयनाताईंनी हे माहीत असूनच उडी मारावी.

दुसरं म्हणजे सर्बियाचे कोच आपल्यापासून वाटतात तितके लांब नाहीत. आपल्या महिला संघाने २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाचा ब गट (दुसरी फळी) जिंकला तेव्हा कोच होते झोरान विसिच, सर्बियाचेच. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. पुरुष संघाबरोबर २०२२ च्या जकार्तातल्या आशिया चषकात वेसेलिन मातिच होते. त्यांनी त्याआधी २००९ मध्ये इराणला यजमान चीनविरुद्धची फायनल जिंकून दिली होती. म्हणजे ही विद्या आपल्या मुलींपर्यंत एकदा पोहोचलेली आहे.

आणि ताई, पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचसाठी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. नोकरीतून सुट्टी मिळाली तर पुढच्या वर्षी नक्की करा. वर्षभराचा डिप्लोमा नोकरी सांभाळून जमणार नाही.

विश्रामबागचा_जुना_सेंटर (सांगली)

पंकज, २००५ चं लिहिलंस ते बरं केलंस. मी ते टाळलं नव्हतं, पण लिहिताना पहिल्या चषकातच रमलो.

त्याच्या मोठेपणाची माझी मोजपट्टी मात्र वेगळी आहे. त्याच्या हाताखालचे पुढे काय झाले ते बघा. दिमित्रिस इतुदिस अथेन्समध्ये वर्षानुवर्षं त्याचा सहाय्यक होता. २०१६ ला बर्लिनच्या युरोलीग फायनलमध्ये इतुदिसच्याच सीएसकेए मॉस्कोने जादा वेळेत १०१-९६ ने गुरूच्या फेनरबाचेला हरवलं. जोर्जेविच स्वतः कोच झाला आणि सर्बियाला २०१४ च्या विश्वचषकाचं आणि २०१६ च्या ऑलिंपिकचं रौप्य मिळवून दिलं. आणि २०२५ ची अबू धाबीतली युरोलीग फायनल: फेनरबाचेचा कोच शारुनास यासिकेविचियुस, मोनॅकोचा कोच वासिलिस स्पानुलिस. दोघेही २००९ मध्ये बर्लिनला जिंकलेल्या ओब्रादोविचच्या पानाथिनायकोसचे गार्ड! चषक कोणीही उचलला असता तरी शिकवण एकाच घरची होती. हे समजलं तेव्हा मला इतका आनंद झाला की घरात सगळ्यांना सांगत सुटलो, आणि घरात बास्केटबॉल कोणालाच कळत नाही.

निकोलिचांनी झेल्कोला दिलं, झेल्कोने यांना. कोयना, तू विचारलंस त्याच्याकडे काय होतं. बाकावरून पाहिलेला खेळ होता, आणि ज्याला रोज विचारता येईल असा माणूस होता. पहिलं तुझ्याकडे आहे की नाही ते तूच जाण. दुसरं शोधावं लागेल.

कोयना_१४ (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं.

बाकावर मीही खूप बसलेय. विद्यापीठाच्या संघात पहिलं वर्ष जवळपास पूर्ण बसून काढलं, तेव्हा समोरच्या गार्डचे पाय बघत बसायचे. ते कधी उपयोगाचं वाटलं नव्हतं.

आज सकाळी मंडळाला होकार कळवला. जर्सी धुऊन कपाटात ठेवली तेव्हा रडू आलं, ते लपवत नाही. पुण्याला गेलेल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, दर रविवारी संध्याकाळी फोन कर, आठवडाभरात काय केलं ते सांग, मी काय चुकलं ते सांगीन. रेश्मा, तुझं बाहेर उभं राहण्याचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पंकज, एनआयएसची चौकशी सुरू करते.

आता एक साधा प्रश्न. पहिल्या आठवड्यात काय घेऊ? मुलींचं अटॅक चांगलं आहे, डिफेन्स म्हणजे नुसती धावपळ. सगळ्या जणी बॉलकडे बघतात आणि पाठीमागून दुसरी मुलगी येऊन सोपा लेअप मारून जाते.

विश्रामबागचा_जुना_सेंटर (सांगली)

वा! शाब्बास पोरी.

मग शेल ड्रिल. चार विरुद्ध चार, अर्ध्या कोर्टात. अटॅकच्या चौघी जागेवर उभ्या, दोघी वर, दोघी कोपऱ्यांत. ड्रिबल नाही, शॉट नाही, फक्त पास. बॉल हवेत असतानाच डिफेन्सच्या चौघींनी हललं पाहिजे. बॉल पोहोचल्यावर हललं तर उशीर झाला. ज्या मुलीच्या समोर बॉल आहे ती अंगाला अंग लावून. पलीकडच्या बाजूची मात्र आपल्या मुलीला सोडून रिंगच्या रेषेपर्यंत आत आलेली पाहिजे, एक हात बॉलकडे, एक हात आपल्या मुलीकडे, दोन्ही नजरेच्या टप्प्यात. सुरुवातीला तिला वाटेल मी माझी मुलगी मोकळी सोडली. हेच तिला पटवायला तुझा पहिला आठवडा जाईल.

आणि सगळ्यांना बोलायला लाव. मोठ्याने. "बॉल", "हेल्प", "माझी". आपल्या मुली कोर्टावर फार गप्प खेळतात, घरात मोठ्याने बोलू नकोस असं ऐकत मोठ्या झालेल्या असतात. डिफेन्समध्ये गप्प बसलेली मुलगी म्हणजे चारच जणी खेळतायत. तुझी कोंडव्याची डावरी कशी आहे बोलायला?

दोन दिवस नुसते पास. तिसऱ्या दिवशी एका बाजूने बेसलाइनवरून (रिंगमागच्या रेषेलगत) ड्रिबल करून आत घुसायला परवानगी दे आणि पलीकडची वेळेत येते का बघ. जमलं की मग शॉट आणि रिबाउंड. घाई करू नकोस.

पुढच्या महिन्यात लेकीकडे कोरेगावला येणार आहे, सकाळी लवकर निघून तुमच्या मैदानावर येतो. तोवर एक तपास: मुलींना सहा नंबरचाच बॉल देतेस ना? बऱ्याच मैदानांवर मुलांचा सात नंबरचा उरलेला बॉल मुलींना देतात आणि मग शॉट बसत नाही म्हणून त्यांनाच बोलतात.